विंडोज ७ नव्याने टाकल्यावर अपडेट ८००७२ईएफई या त्रुटीवर अडते, काय करावे?

फोंडा तालुक्यातील देवस्थानाच्या कार्यालयातल्या जुन्या संगणकावर तंत्रज्ञाने विंडोज ७ नव्याने टाकून दिली, इंटरनेट व्यवस्थित चालते, तरीही अपडेट शोधताना ८००७२ईएफई हा क्रमांक दिसून काम थांबते, आणि जत्रेची पत्रके ज्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये तयार होतात ते नव्या विंडोजवर चालत नाही, असे आपण लिहिले आहे. म्हापशात जुने संगणक दुरुस्त करताना हा क्रमांक मला वारंवार भेटतो. मोडेम बदलण्याच्या किंवा विंडोज पुन्हा टाकण्याच्या भानगडीत पडू नका. दोष बहुधा तिथे नाही.

मायक्रोसॉफ्टच्या प्रत्येक अपडेटवर डिजिटल स्वाक्षरी असते आणि ती अस्सल आहे की नाही हे संगणक तपासून पाहतो. पूर्वी ही स्वाक्षरी एसएचए-१ पद्धतीची असे. ती पद्धत कच्ची ठरल्यामुळे २०१९ मध्ये विंडोज ७ ची अपडेट केवळ एसएचए-२ पद्धतीने येऊ लागली, आणि २०२० मध्ये जुन्या पद्धतीवर चालणारी अपडेटची सेवाच बंद करण्यात आली. आपल्या तंत्रज्ञाने वापरलेली डिस्क बहुधा २०११ च्या सर्व्हिस पॅक १ ची, म्हणजे विंडोज ७ च्या सुधारणांच्या एकत्रित संचाची असणार, आणि तिला नवी पद्धत ठाऊकच नाही. ती शिकवणारे अपडेट ज्या वाटेने यायचे ती वाटच बंद. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप, असा हा प्रकार आहे. म्हणून ते अपडेट हाताने घालावे लागते.

त्याआधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली असेल, तर मुख्य बटण बंद केले किंवा पावसाळ्यात वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग संकेतस्थळांची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रांच्या मुदतीचा हिशेब चुकतो आणि सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत. बॅटरी स्वस्त असते. शंका असेल तर बदलूनच टाकावी.

मग दुसऱ्या, चालू संगणकावर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग हे मायक्रोसॉफ्टचे संकेतस्थळ उघडून केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९ ही दोन अपडेट पेनड्राइव्हवर घ्यावीत. आपली विंडोज ३२ बिटची आहे की ६४ बिटची हे ‘कंप्युटर’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये दिसते, चुकीची फाइल चालवली, तर हे अपडेट आपल्या संगणकाला लागू नाही एवढेच सांगून ती थांबते, नुकसान काही होत नाही. सर्व्हिस पॅक १ नसेल तर तो आधी घालावा. त्यानंतर वरच्याच क्रमाने दोन्ही अपडेट घालून संगणक पुन्हा सुरू केला की शोध पुढे सरकतो.

सरकतो, पण रखडत. हिरवी पट्टी तासन्‌तास फिरत राहते आणि टास्क मॅनेजरमध्ये एसव्हीसीहोस्ट नावाची प्रक्रिया प्रोसेसर खात बसलेली दिसते. कोणते अपडेट कोणत्या जुन्या अपडेटची जागा घेते याची जुळवाजुळव तेव्हा चाललेली असते; संगणक बिघडला असे समजून बटण दाबू नये. केबी३०२०३६९ आणि त्यानंतर केबी३१७२६०५ हाताने घातल्यास हा शोध बराच लवकर उरकतो. एवढे करूनही अपडेट बसताना ८००९२००४ हा क्रमांक आला, तर एसएचए-२ चे अपडेट (केबी४४७४४१९) नीट बसलेले नाही असे समजून ‘इन्स्टॉल्ड अपडेट्स’च्या यादीत ते शोधावे.

सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी विंडोज ७ चा पाठिंबा, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नवी अपडेट, १४ जानेवारी २०२० रोजी संपला, त्यामुळे या खटपटीतून आपण साधारण त्या तारखेपर्यंतच पोहोचाल. क्रोमही या विंडोजवर १०९ व्या आवृत्तीला थांबले. म्हणून अपडेट पूर्ण झाल्यावर या संगणकाची इंटरनेटची तार काढून ठेवावी आणि तो केवळ पत्रके व छपाईसाठी वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. देवस्थानाचे बँकेचे व्यवहार, ईमेल आणि महाजनांची यादी यांसाठी वेगळा, नवा संगणक असावा. विंडोज १० चाही नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय (चिप) लागते, जे इतक्या जुन्या यंत्रात सहसा नसते. तेव्हा त्याच यंत्रावर नवी विंडोज बसवून देतो असे कोणी म्हटल्यास पैसे देण्यापूर्वी या गोष्टीची चौकशी अवश्य करावी. पत्रकांच्या फाइली पेनड्राइव्हने ने-आण करताना तो पेनड्राइव्ह दर वेळी नव्या संगणकावर अँटिव्हायरसने तपासून घ्यावा.