‘नेपिल्सोनिस’ला मराठीत काय म्हणावे?

एका वाचकाने विचारले आहे की लात्वियातील ज्या रशियन भाषकांना तिथले नागरिकत्व नाही, त्यांच्यासाठी मराठी बातम्यांत कधी ‘निर्वासित’, कधी ‘परकीय’, तर कधी ‘राज्यहीन’ हे शब्द येतात. त्यांपैकी बरोबर कोणता?

एकही नाही. त्यातही ‘निर्वासित’ हा इतका चुकीचा आहे की तो वारंवार वाचून मी उद्विग्न होतो. ज्याला आपला वास सोडावा लागला तो निर्वासित. ही माणसे कुठेही गेलेली नाहीत. ती चाळीस-पन्नास वर्षे त्याच घरात राहिली, काही तर तिथेच जन्मली, आणि त्यांच्याभोवतीचे राज्य बदलले. ‘परकीय’ हा शब्द बहुधा इंग्रजीवरून आला असावा, कारण त्यांच्या जांभळ्या पासपोर्टवर इंग्रजीत ‘एलियन’ असे छापलेले असते. लात्वियाच्या घटना न्यायालयाने मात्र २००५ सालीच सांगितले आहे की ही माणसे नागरिक नाहीत, परकीय नाहीत आणि राज्यहीनही नाहीत. त्यांचा वर्गच वेगळा आहे. त्या वर्गाचे लात्वियन नाव ‘नेपिल्सोनिस’.

या शब्दाची फोड करू. ‘ने’ म्हणजे नकार, आणि ‘पिल्सोनिस’ म्हणजे नागरिक. पिल्सोनिसच्या पोटात ‘पिल्स’ आहे. पिल्स म्हणजे किल्ला, गढी. त्याला ‘सेता’, म्हणजे कुंपण किंवा अंगण, जोडले की ‘पिल्सेता’ होते आणि त्याचा अर्थ शहर. या पिल्सचे सख्खे भावंड आपल्याकडे आहे, ते म्हणजे वैदिक ‘पुर्’. संस्कृतात जिथे ‘र’ येतो तिथे बाल्टिक भाषांत अनेकदा ‘ल’ सापडतो. आपला ‘वृक’ तिकडे ‘विल्क्स’ होतो. ‘रलयोरभेदः’ हे आपण पाठशाळेत घोकलेले वचन इथे पार बाल्टिक समुद्रापर्यंत पोचते. ग्रीक ‘पोलिस’ही याच घराण्यातला. ऋग्वेदातला पुर् म्हणजे शहर नव्हे, तटबंदी. म्हणून ती फोडणारा इंद्र ‘पुरंदर’, आणि ज्या गडाच्या पायथ्याशी १६६५ साली तह झाला त्याच्या नावातही तोच पुर्.

माझे मत याच्याही पुढे जाते. पुर् आणि पिल्स या दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘भरणे’ हा अर्थ आहे असे मी मानतो. आपल्या धातुपाठात ‘पॄ’ धातूला ‘पूरण’ हा अर्थ दिलेला आहे. लिथुआनियनमध्ये ‘पिल्ती’ म्हणजे ओतणे, भरणे. आणि लात्वियनमध्ये ‘पिल्न्स’ म्हणजे पूर्ण. जुना किल्ला दगडाचा नसे, तो मातीच्या भरावाचा असे. लात्वियात अशा शेकडो टेकड्या आहेत आणि त्यांना ‘पिल्स्कल्न्स’ म्हणतात. ज्याने मराठवाड्यातली पांढऱ्या मातीची पडकी गढी पाहिली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. काही व्युत्पत्तिकार ही जोडणी नाकारतात, आणि ग्रीक महाकवी होमरमध्ये ‘पोलिस’चे ‘प्तोलिस’ असे रूप आढळते, म्हणून मूळ धातू निराळा असला पाहिजे असे म्हणतात. हा आक्षेप मला अगदीच लंगडा वाटतो. त्याच होमरमध्ये युद्धाला ‘पोलेमोस’ आणि ‘प्तोलेमोस’ अशी दोन्ही रूपे आहेत. ज्या कवीची भाषा ‘प’च्या जागी ‘प्त’ सहज चालवून घेते, तिच्यातील एका जोडाक्षरावर स्वतंत्र धातू उभा करणे हे शास्त्र नव्हे.

रशियन भाषेतील शब्दाची घडणही अशीच आहे. ‘ग्राझ्दानिन’ म्हणजे नागरिक. तो ‘ग्राद’, म्हणजे नगर, यापासून आला. आणि ग्रादचे नाते संस्कृत ‘गृह’शी, म्हणून मराठी ‘घरा’शी लागते. दोन्ही शब्दांत मुळातली कल्पना कुंपणाच्या आतल्या माणसाची आहे.

आता १९९१ मध्ये लात्विया सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाल्यानंतर हे कुंपण कुठे पडले ते पाहिले पाहिजे, कारण मराठीत शब्द चुकतो तो इथेच. ‘लात्वियाने रशियनांचे नागरिकत्व काढून घेतले’ हे वाक्य चूक आहे. लात्वियाची भूमिका अशी की १९१८ साली स्थापन झालेले राज्य कधी संपलेच नव्हते, १९४० मध्ये सोव्हिएत संघाने ते केवळ व्यापले होते. म्हणून १५ ऑक्टोबर १९९१ च्या ठरावाने १७ जून १९४० रोजी जे नागरिक होते त्यांना व त्यांच्या वंशजांनाच नागरिक मानले गेले. सोव्हिएत काळात येऊन स्थायिक झालेले सात लाखांवर लोक त्यामुळे बाहेर राहिले. आपल्याकडचे मिरासदार आणि उपरी यांचे नाते याच्या फार जवळचे आहे: उपरी गावात राहतो, कसतो, भरणा करतो, पण गावाच्या कारभारात वंशपरंपरेचा हक्क मिरासदाराचाच असतो. तरीही ‘उपरी’ हा शब्द मी सुचवणार नाही, कारण त्याच्या शेजारचा ‘उपरा’ आता शिवीच्या वळणावर गेला आहे, आणि दोन समाजांतील जखम ओली असताना एका बाजूचा शब्द उचलणे अन्यायाचे होईल. १९४९ च्या मार्चमध्ये सोव्हिएत सत्तेकडून लात्वियातले चाळीस हजारांहून अधिक लोक सायबेरियाकडे धाडले गेले होते आणि १९८९ च्या जनगणनेत लात्वियन जेमतेम ५२ टक्के उरले होते. तिथल्या लोकांची भीती खरी होती. त्याचबरोबर ३ मार्च १९९१ च्या कौलात अनेक रशियनांनीही स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिले होते, आणि त्याच वर्षी आपल्याला मताधिकारच नाही असे त्यांना कळले. त्यांचे दुःखही खरे आहे.

काही अभ्यासक ‘अनागरिक’ सुचवतात. तो टाळावा. पालीतला ‘अनागारिक’, जो श्रीलंकेचे बौद्ध धर्मप्रचारक धर्मपाल यांच्या नावाला लागतो, तो ‘अगार’ म्हणजे घर नसलेला, आणि या दोन शब्दांत फक्त एका कान्याचे अंतर आहे. शिवाय ‘नागर’ म्हणजे सुसंस्कृत हा अर्थ मराठीत जिवंत असल्याने ‘अनागरिक’ कानाला असंस्कृत असाही लागतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘अपौर’ (पौर म्हणजे पुरात राहणारा) हा नेपिल्सोनिसचा अक्षरशः प्रतिशब्द आहे आणि मला तो अतिशय प्रिय आहे, पण वर्तमानपत्राच्या वाचकाला तो कळणार नाही. ‘बिगरशेती’, ‘बिगरसरकारी’ यांच्या चालीवर ‘बिगरनागरिक’ लिहावे.

मात्र ‘रशियन’ आणि ‘बिगरनागरिक’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. सतराव्या शतकापासून लात्गाले प्रांतात राहणाऱ्या जुन्या पंथाच्या, म्हणजे रशियन चर्चमधील सुधारणा नाकारणाऱ्या, रशियन कुटुंबांना १९९१ मध्ये आपोआप नागरिकत्व मिळाले. उलट बिगरनागरिकांत बेलारूसी आणि युक्रेनीही आहेत. १ जानेवारी २०२० पासून बिगरनागरिकांच्या नवजात मुलांना आपोआप नागरिकत्व मिळत असल्याने हा वर्ग पुढे आटतच जाणार आहे. त्याच लात्गालेत देशातले दुसरे मोठे शहर आहे, आणि तिथे रशियनांची संख्या लात्वियनांहून जास्त आहे. दौगवा नदीवरच्या त्या शहराचे नाव दौगव्पिल्स. मराठीत सांगायचे तर दौगवापूर.