चुलीचं धुराडं: पाइप किती इंची, किती उंच?

प्रश्न: कौलारू स्वयंपाकघरातल्या चुलीला चार इंची पत्र्याचा पाइप बसवला. पावसाळ्यात धूर घरातच कोंडतो, सांध्यांतून काळं पाणी गळतं. पाइप मोठा घ्यावा का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर: आधी चुलीचं धुराचं तोंड मोजा. पाइप त्याहून अरुंद नको. तोंड पाच इंची असेल तर पाइपही पाचच इंची घ्या. फार मोठाही नको, त्यात धूर थंडावतो आणि त्याची वर जाण्याची ओढ मरते.

काळं पाणी म्हणजे ओल्या लाकडाच्या धुराचा चीक. वरच्या पाइपाचं टोक खालच्याच्या आत बसवा, म्हणजे चीक आतूनच खाली उतरेल. तुमच्याकडे बहुधा उलटं बसवलंय. हाच चीक वाळून साचला की पेट घेतो, म्हणून पावसाआधी तारेच्या ब्रशने पाइप झाडाच.

पाइपाचं टोक आढ्याच्या वर दोन फूट हवं. वासे, रिपा पाइपापासून दीड फूट दूर ठेवा. खाऱ्या वाऱ्यात साधा पत्रा लवकर सडतो. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील महाग, पण तेच घ्या. चूल पेटवताना आधी नारळाचं वाळकं सोडण जाळून पाइप तापवा.