मुलगा 17 वर्षांचा, मिडफिल्डर आहे. सेकंड डिव्हिजनच्या क्लबची ट्रायल आली आहे. बारावीनंतर पूर्णवेळ फुटबॉल खेळू द्यावं का? किती वर्षं खेळता येतं, आणि पुढे काय?

खेळू द्या, पण कॉलेजचा प्रवेश सोडू नका. खरं तर उत्तर इथेच संपतं. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "गोल फारसे करत नाही, पण कोच म्हणतात टीमला उपयोगी आहे." हे वाचून राहवेना. मलाही सगळे कोच हेच म्हणायचे, आणि एक दिवस 'उपयोगी आहेस, पण' असं म्हणून मला घरी पाठवलं.

मी कोल्हापूरचा. पेठेतल्या तालमीकडून, म्हणजे आमच्याकडच्या स्थानिक संघाकडून, शाहू स्टेडियमवर खेळलो, मग मुंबईत लीग खेळलो आणि तिथून आय-लीग या देशपातळीवरच्या लीगच्या सेकंड डिव्हिजनमधल्या एका क्लबात गेलो. नाव सांगत नाही, विचारू नका. जागा कायम एकच, दोन सेंटर बॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या पुढची, म्हणजे सहा नंबर. समोरच्याचा चेंडू काढायचा, जवळच्या आपल्या माणसाला द्यायचा आणि परत जागेवर यायचं. बघणाऱ्याला यात काहीच दिसत नाही. आमच्याकडे निदान सामना संपल्यावर 'लढवय्या' म्हणून एखाद्याचा सत्कार तरी होतो. क्लबात गेलात की तेही नाही.

त्या क्लबात आमच्याच पेठेतला माझा एक मित्र स्ट्रायकर होता. आम्ही एकाच फ्लॅटवर राहायचो आणि जेवणही क्लबचंच होतं. हंगामाच्या शेवटी शेवटी बाहेरगावचा एक सामना होता. तो जिंकला तर आम्ही पुढच्या फेरीत जाणार होतो. पावसानं मैदानाचा पार चिखल झालेला. आमचा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, जबरदस्त पळायचा, पण वर गेला की परत यायचं विसरायचा. कोचनं मला सामन्याआधी बाजूला घेऊन सांगितलं, "तो वर गेला की त्याची जागा तुझी. सेंटर लाइन ओलांडायची नाही." मी नाही ओलांडली. अख्खा सामना त्यांचा राइट विंगर आमच्या डाव्या मोकळ्या कोपऱ्याकडे पळत होता आणि मी त्याच्या आधी तिथे पोहोचत होतो. ज्यानं ही जागा खेळली आहे त्याला कळेल की टॅकल करण्यापेक्षा टॅकल करावाच लागू नये अशा जागी आधी उभं राहणं जास्त अवघड असतं. पण उभं राहण्याचे गुण कोण देतो?

1-0 असताना, शेवटची दहाएक मिनिटं राहिली होती. त्यांच्या मिडफिल्डरनं चेंडू जरा लांब ढकलला, मी घसरत जाऊन काढला आणि उठता उठता उजव्या विंगरला दिला. तो पळाला, त्यानं क्रॉस टाकला आणि आमच्या मित्रानं सहा यार्डांवरून पाय लावला. 2-0. मॅच रिपोर्टमध्ये गोल मित्राच्या नावावर, असिस्ट, म्हणजे गोलाआधीचा शेवटचा पास, विंगरच्या नावावर. माझं नाव त्या कागदावर एकदाच होतं, पिवळ्या कार्डाच्या रकान्यात.

हंगाम संपला तेव्हा मॅनेजर म्हणाले, "तू आहेसच पुढच्या वर्षी, काळजी करू नकोस." कागद काही दिला नाही. मग क्लबात नवीन माणसं आली आणि आम्हाला एकेकाला आत बोलावलं. समोर लॅपटॉप. पहिला प्रश्न, "गोल किती?" शून्य. "असिस्ट?" एक. पलीकडच्या माणसानं मान हलवली आणि म्हणाला की उपयोगी खेळाडू आहेस, पण आम्हाला 'इम्पॅक्ट' पाहिजे. मी विचारलं, आम्ही गोल किती खाल्ले ते बघितलंत का? तो रकाना गोलकीपरच्या नावापुढे होता. मित्राला ठेवलं, मला सोडलं. पुढे दोन हंगामांत तो क्लबच मिटला, ती गोष्ट वेगळी.

आता लोक तुम्हाला फ्रान्सच्या एन्गोलो कांतेचं उदाहरण देतील. द्यायलाच पाहिजे, कारण सहा नंबरवाल्या प्रत्येक पोराच्या भिंतीवर तोच असतो. तो फ्रान्समध्ये तिसऱ्या फळीत बुलोन्यकडून खेळत होता, 2013 ला काँ क्लबात गेला, 2015 ला इंग्लंडमध्ये लेस्टरला, 2016 ला लेस्टरबरोबर तिथली प्रीमियर लीग जिंकला, पुढच्या वर्षी चेल्सीबरोबर परत तीच आणि 2018 ला वर्ल्ड कप. सगळं खरं आहे. पण तो सापडला कसा, हे सांगताना लोक अर्धवट सांगतात. त्यानं किती चेंडू काढले, किती पास मधेच अडवले, हे तिथे कुणीतरी मोजत होतं. ते आकडे लेस्टरच्या लोकांनी वाचले. आमच्या सामन्यांत मोजणारा कोण, तर बेंचवर बसलेला राखीव गोलकीपर, तोही पाण्याच्या बाटल्या.

म्हणून माझा पहिला सल्ला: मुलाच्या प्रत्येक सामन्याचं शूटिंग करा. फोन उंचावर लावा, स्टँडमध्ये, आणि कॅमेरा चेंडूमागे फिरवू नका. पूर्ण मैदान दिसलं पाहिजे. चेंडू दुसरीकडे असताना तो कुठे उभा आहे, हे ज्या व्हिडिओत दिसत नाही तो मिडफिल्डरच्या काही कामाचा नाही. स्ट्रायकरचा बाप गोलाची तीस सेकंदांची क्लिप पाठवतो आणि त्याचं भागतं. तुम्हाला नव्वद मिनिटं लागतील. त्यातून दहा-बारा प्रसंग कापून ठेवा, खाली मिनिट लिहा. मला त्या लॅपटॉपवाल्यापुढे एवढं जरी ठेवता आलं असतं, तर बोलणं गोल-असिस्टवर संपलं नसतं.

माझ्या मित्राचं म्हणणं अजूनही वेगळं आहे. दर गणपतीत भेटलो की तोच वाद. "तू पुढंच येत न्हवतास रं. दोन-चार शॉट मारले असतेस तर ठेवला असता तुला." मी म्हणतो, लेका, मी पुढं आलो असतो तर मागं तुझा काका थांबला असता का? आणि तुझे तीन गोल, त्यातल्या दोन गोलांची सुरुवात कुणाच्या पायानं झाली? यावर तो चहा मागवतो. तर मुलाला 'जरा पुढे जा, गोल मार, म्हणजे लोकांच्या नजरेत येशील' असा सल्ला देणारे खूप भेटतील, त्यांच्या नादी लागू देऊ नका. जागा सोडून पळणारा सहा नंबर दोन सामने चमकतो, तिसऱ्या सामन्यात त्याच्या मागच्या मोकळ्या जागेतून गोल होतो आणि मग कोचच त्याला बसवतो. हां, वीस-बावीस यार्डांवरून बरा शॉट आणि सेट पीसवर, म्हणजे कॉर्नर किंवा फ्री किकवर, हेडर, एवढं मात्र शिकवा. ते जागा न सोडता जमतं.

आता तुमचा खरा प्रश्न, किती वर्षं. शरीर म्हणाल तर तिशीपर्यंत, गुडघा शाबूत राहिला तर थोडं पुढेही. पण खालच्या डिव्हिजनमध्ये शरीराच्या आधी क्लब संपतो. आपल्याच राज्यात बघा. महिंद्रा युनायटेडनं 2010 ला संघ बंद केला. भारत एफसी एका हंगामात संपला, 2015 ला. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजियन्स 2017 ला गेले. एफसी पुणे सिटी तर आयएसएल या देशातल्या सर्वात वरच्या लीगमधला, तोही 2019 ला गेला. आणि 2025 ला आयएसएलचाच हंगाम लांबला, काही क्लबांनी पगार थांबवले. वर ही तऱ्हा, तर खाली काय असेल? माझा पहिला करार सात महिन्यांचा होता, महिना अठरा हजार. उरलेले पाच महिने तालमीच्या स्पर्धा, इकडचे तिकडचे सेव्हन-अ-साइड सामने आणि घरच्यांचे टोमणे.

कॉलेज सोडू नका म्हणालो ते यासाठी. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतल्या खेळाडू भरतीचे नियम एकदा नीट वाचा. त्यात देशाकडून किंवा राज्याकडून खेळलेला धरतात, आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाकडून खेळलेला धरतात, शालेय राष्ट्रीय स्पर्धेत राज्याच्या शालेय संघाकडून खेळलेला धरतात. क्लबाकडून लीग खेळल्याचं प्रमाणपत्र त्या नमुन्यांत कुठेच बसत नाही. म्हणजे सेकंड डिव्हिजनचे पाच हंगाम एकीकडे आणि विद्यापीठाच्या संघातली एक स्पर्धा एकीकडे, तर साहेबाच्या टेबलावर दुसरीला वजन. संतोष ट्रॉफीत, म्हणजे राज्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, राज्याच्या संघात निवड झाली तर उत्तमच, पण त्यात वीसेक पोरं जातात. विद्यापीठाचा संघ त्या मानानं आवाक्यातला आहे. आणि गंमत म्हणजे त्या प्रमाणपत्रावर गोल किती केले हे कुणी विचारत नाही. राज्य सरकारच्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाचं गणित वेगळं आहे, तिथे नुसतं खेळून भागत नाही, नंबर यावा लागतो. ते जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचारा, नियम बदलत असतात.

मी स्वतः क्लबातून आल्यावर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी केली, कोचिंगचं सगळ्यात खालचं डी लायसन्स आणि मग त्यावरचं सी लायसन्स घेतलं. आता शाळेत शिकवतो आणि संध्याकाळी पोरांचा सराव घेतो. यात मिडफिल्डरला फायदा होतो असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षानुवर्षं मैदानाच्या मधोमध उभं राहून दोन्हीकडे मान फिरवत बसलेला माणूस खेळ लवकर शिकवायला लागतो. स्ट्रायकरांना नाही जमत. मित्रानं एकदा प्रयत्न केला होता, पोरांना नुसतं शूटिंग द्यायचा.

थोडं सावधपणे सांगायचं तर हे सगळं माझ्या वेळचं आणि माझ्या जागेचं. विंगर किंवा अटॅकिंग मिडफिल्डर असेल तर अर्धं उत्तर गैरलागू आहे, त्यांचे आकडे आपोआप दिसतात. आता बऱ्याच सामन्यांचं प्रक्षेपण ऑनलाइन होतं, तेव्हा शूटिंगचं काम सोपं झालंय. आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, पुढे आयएसएलमध्ये गेला, म्हणजे इथून वाट नाहीच असं मी म्हणत नाही. तो फॉरवर्ड आहे, एवढंच लक्षात घ्या.

ट्रायलबद्दल दोन गोष्टी. वीस-वीस मिनिटांच्या सामन्यांत अनोळखी पोरं एकमेकांना पास देत नाहीत, प्रत्येकाला गोल मारायचा असतो. मिडफिल्डर अशा वेळी मेला तरी दिसत नाही. त्याला सांगा, तोंड चालू ठेव. 'मागं माणूस', 'वेळ आहे', 'फिर', सतत. मी ट्रायल घ्यायला बसतो तेव्हा आधी आवाज ऐकतो. आणि फॉर्मवर पोझिशन लिहिताना 'कुठेही खेळेन' असं लिहू नको म्हणावं, त्याचा अर्थ राइट बॅक असा होतो.

निवड झाली तर तो 17 चा आहे, सही तुमची लागेल. अठराच्या आतल्या खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा लांब करार करता येत नाही, हा फिफाचाच नियम आहे. पगार दोन महिने थकला तर क्लबाला लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांनी करार मोडता येतो, हाही त्यांचाच, पण त्यासाठी हातात करार पाहिजे. 'तू आहेसच' याला कागद म्हणत नाहीत. करारात एकच कलम बारकाईनं वाचा: गुडघा गेला तर एमआरआय आणि ऑपरेशनचा खर्च कोण देणार, आणि तेवढे महिने पगार चालू राहणार की नाही. तोंडी विचारू नका, लिहून मागा. क्लबचा माणूस "अहो, बघू की, घरचंच आहे" म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि पोराला दुसऱ्या ट्रायलला घेऊन जा.