हिरव्या दिव्याची वाट पाहू नका

मागच्या अंकात मी ब्रॅकेट रेसिंगवर लिहिलं होतं. हा ड्रॅग रेसचा, म्हणजे सरळ पट्ट्यावर दोघांत होणाऱ्या शर्यतीचा, एक प्रकार. त्यात वेगवेगळ्या ताकदीच्या दोन गाड्या असतात, प्रत्येक चालक आपल्याला किती वेळ लागेल ते आधीच काचेवर लिहून देतो आणि हळू गाडीला फरकाइतकी आघाडी मिळते. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं सुरुवातीच्या रेषेबद्दल आहेत. मला त्याचा आनंद झाला, कारण माझ्या मते ही शर्यत तिथेच जिंकली किंवा हरली जाते. नव्या वाचकांसाठी सांगते, मी मूळची इचलकरंजीची आणि नोकरीनिमित्त इंडियानापोलिसला असते. आठवडाभर गिअरबॉक्सच्या चाचण्या घेते आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार १९७२च्या शेव्हरोले नोव्हात घालवते.

प्रश्न : ताई, एका धावपट्टीवरच्या स्पर्धेत मी मोटरसायकलवर पाव मैल १३.४२ सेकंदांत कापला. शेजारच्याला १३.५० लागले. तरी तो आधी पोचला आणि त्यालाच विजयी ठरवलं. घड्याळात घोळ असेल का? मी तर हिरवा दिसताक्षणी क्लच सोडला होता.
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

घड्याळ बरोबर असणार. ड्रॅग रेसमध्ये दोन वेगळे वेळ मोजले जातात. हिरवा दिवा लागल्यापासून तुमचं पुढचं चाक रेषेवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडेपर्यंतचा वेळ म्हणजे रिॲक्शन टाइम. तुमचे १३.४२ सेकंद सुरू होतात ते चाक किरणातून सुटल्यानंतर. हिरवा लागल्यावर तुम्ही दहा सेकंद तसेच उभे राहिला असतात तरी फेरीनंतर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीवर १३.४२च छापून आलं असतं.

चिठ्ठीवर ‘आर. टी.’समोरचा आकडा पाहा. समजा तुमचा ०.३१० आहे आणि त्याचा ०.१२०. तुमची बेरीज १३.७३०, त्याची १३.६२०. ताशी १६० किलोमीटरच्या वेगाला गाडी सेकंदाला ४४ मीटर जाते, म्हणजे शेवटच्या रेषेवर तो तुमच्यापुढे जवळजवळ पाच मीटर होता. इंजिनातून ०.०८ सेकंद काढायला किती पैसे आणि किती रात्री जातात हे तुम्हाला माहीत आहे. इथे त्याच्या दुपटीहून जास्त वेळ जागच्या जागी गेला.

आणि तो गेला याचं कारण तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. ख्रिसमस ट्री नावाचा हा दिव्यांचा खांब १९६३मध्ये इथल्याच, इंडियानापोलिसच्या, राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. त्याआधी माणूस झेंडा हलवून शर्यत सोडायचा. हौशी वर्गांच्या झाडावर तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने एकेक करून लागतात आणि तिसऱ्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. डोळ्यांनी पाहून हात हलायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. क्लच सुटून चाक किरणाबाहेर पडायला आणखी थोडा वेळ जातो. हिरवा पाहून सोडलंत तर तुम्ही ०.३च्या खाली येणार नाही, कितीही चपळ असलात तरी. सोडायचं ते शेवटचा पिवळा पेटताक्षणी. खो-खोत बसलेला गडी पाठीवर खो पडताक्षणी उठतो, पडायच्या आधी उठला तर फाउल आणि पडल्यावर विचार करत बसला तर पळणारा निसटतो. शेवटचा पिवळा म्हणजे तुमचा खो. तुमचा हात आणि गाडी मिळून अर्धा सेकंद खातात आणि चाक सुटेपर्यंत हिरवा लागलेला असतो. त्याआधी सुटलात तर लाल दिवा लागतो आणि शर्यत तिथेच संपते.

आपल्याकडे, म्हणजे ॲम्बी व्हॅलीसारख्या धावपट्ट्यांवर झालेल्या स्पर्धांत, सगळ्यांचं लक्ष इंजिनाच्या क्षमतेवर आणि चिठ्ठीतल्या सेकंदांवर असतं. आर.टी.चा रकाना वाचायची सवय तुमच्यासारख्यांनी लावावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या मित्राने १९८०च्या दशकातली एक टाइम स्लिप जपून ठेवली आहे. त्यावर रिॲक्शन ०.५१२ आहे. ते इतके हळू होते का?
— एक वाचक, न्यू जर्सी

अजिबात नाही, ते फार चांगले होते. तेव्हा अशा झाडावर मोजणी शेवटच्या पिवळ्यापासून दाखवत, त्यामुळे अचूक सुरुवात म्हणजे ०.५००. पुढे अचूक सुरुवातीला ०.००० लिहायला लागले. त्यांची सुरुवात आजच्या हिशोबाने ०.०१२ होती. त्यांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : डिले बॉक्स वापरणं म्हणजे फसवणूक नाही का? यंत्रच गाडी सोडणार असेल तर चालकाचं कौशल्य काय राहिलं? मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, थोडं खोलात सांगितलंत तर आवडेल.
— एक विद्यार्थी, सांगली

खोलात सांगते, हा माझा आवडता विषय आहे. डिले बॉक्स म्हणजे चालकाने बटण सोडल्यावर ठरवून दिलेला वेळ थांबून मगच गाडी सोडणारं उपकरण.

आधी ट्रान्सब्रेक. माझ्या गाडीत पॉवरग्लाइड हा दोन गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की एक सोलेनॉइड पहिला गिअर आणि रिव्हर्स एकाच वेळी गुंतवतो. दोन्ही एकमेकांना अडवतात आणि गाडी जागेवर बांधल्यासारखी राहते, मग ॲक्सिलरेटर दाबून इंजिन हव्या त्या फेऱ्यांवर धरता येतं. बटण सोडलं की रिव्हर्स सुटतो आणि गाडी उसळते. डिले बॉक्स नसेल तर बोट उठणं आणि गाडी सुटणं यांत काही अंतर नसतं, म्हणून बोट तिसऱ्या पिवळ्यावर उठवावं लागतं.

अडचण ही की तिसऱ्या पिवळ्याआधी दोन दिवे लागून गेलेले असतात. मनात ताल धरला जातो. एक, दोन, आणि बोट तिसऱ्याच्या आधीच उठतं, किंवा लालच्या धास्तीने अडखळतं. दिव्याला प्रतिसाद देण्याऐवजी आपण अंदाज बांधायला लागतो. पहिला पिवळा मात्र अवचित येतो. दोन्ही गाड्या रेषेवर लागल्यावर तो नेमका कधी पेटेल हे तुम्हाला कळू नये अशीच व्यवस्था असते. डच शरीरशास्त्रज्ञ डॉन्डर्स यांनी १८६८मध्येच दाखवलं होतं की एकच खूण आणि एकच ठरलेली कृती असेल तर माणसाचा प्रतिसाद सर्वांत जलद असतो. निवड करायची वेळ आली की तो लांबतो. पहिला पिवळा ही तशी एकच खूण आहे. त्यावर उठलेलं बोट दर वेळी जवळजवळ तेवढाच वेळ घेतं.

पण पहिल्या पिवळ्यापासून हिरवा दीड सेकंद लांब असतो. मधला वेळ भरून काढायचं काम बॉक्सचं. माझ्या बोटाला ०.२० लागतात, सोलेनॉइड सुटल्यापासून चाक किरणाबाहेर जायला ०.२५. दीडमधून ०.४५ वजा केले की उरतात १.०५. मी बॉक्समध्ये १.०६० घालते, म्हणजे सगळं जमलं तर चिठ्ठीवर ०.०१० येतं आणि लालपासून थोडं अंतर राहतं. पहिला पिवळा दिसला की मी बटण सोडते, बॉक्स १.०६० सेकंद सोलेनॉइड धरून ठेवतो आणि मग गाडी सोडतो.

आता फसवणुकीचं. बॉक्स माझं बोट हजारांश सेकंदानेही जलद करत नाही. त्याला झाड दिसत नाही. दिवा स्वतः ओळखून गाडी सोडणाऱ्या कुठल्याही उपकरणाला नियमांत मनाई आहे. माझं बोट ०.०३ने उशिरा उठलं तर ते ०.०३ जसेच्या तसे चिठ्ठीवर उतरतात. बॉक्समुळे एवढंच होतं की ज्या क्षणी माणूस सर्वांत भरवशाचा असतो त्या क्षणी निर्णय घेता येतो. याला मी फसवणूक मानत नाही.

याहून पुढची पायरी क्रॉसओव्हर. समजा मी काचेवर १०.४० लिहिलंय आणि प्रतिस्पर्ध्याने १२.९०. त्याला अडीच सेकंदांची आघाडी, म्हणजे त्याच्या बाजूचे पिवळे माझ्या आधी अडीच सेकंद पेटायला लागणार. त्याचे दिवे उतरताना, त्याचं इंजिन गर्जत निघताना शेजारी स्थिर बसून राहणं फार कठीण असतं. कित्येक लाल दिवे त्या आवाजामुळेच लागतात. क्रॉसओव्हर बॉक्समध्ये दोघांचे आकडे घालता येतात. मी त्याच्याच पहिल्या पिवळ्यावर बोट उठवते आणि बॉक्स अडीच सेकंद अधिक १.०६०, म्हणजे ३.५६० सेकंद थांबतो. शेजारचा सुटतो तेव्हा माझं बोटाचं काम झालेलं असतं.

तरीही एक गोष्ट मला मान्य आहे. बॉक्सविना, पायाने ब्रेक धरून, तिसऱ्या पिवळ्यावर फेरीमागून फेरी ०.०२०च्या आत येणाऱ्या चालकांकडे जे आहे ते बॉक्सवाल्यांकडे नसतं. त्यांच्यासाठी वेगळे वर्ग आहेत हे योग्यच आहे. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या स्थानिक ट्रॅकवरच्या मालिकेत सुपर प्रो वर्गात बॉक्स चालतो, प्रो वर्गात चालत नाही. दोघांपैकी एकाकडेच बॉक्स आहे अशी शर्यत मला स्वतःला आवडत नाही.

प्रश्न : माणसाचा प्रतिसाद ०.२ सेकंद, मग चिठ्ठीवर ०.००५ कसा येतो? धावण्याच्या शर्यतीत तर ०.१च्या आत निघालं की फाउल देतात.
— एक वाचक, नाशिक

तिथे बंदुकीच्या आवाजापासून मोजतात, आणि आवाज कधी येणार हे धावपटूला माहीत नसतं. ०.१च्या आतला प्रतिसाद म्हणजे अंदाजाने निघाला असं धरतात. २०११मध्ये देगूला उसेन बोल्ट १०० मीटरच्या अंतिम फेरीतून बाद झाला तो बंदुकीआधी निघाल्यामुळेच. ड्रॅग रेसमध्ये खूण पिवळ्याची असते आणि मोजणी हिरव्यापासून होते. मधल्या अर्ध्या सेकंदात तुमचे ०.२ मुरलेले असतात. व्यावसायिकांच्या झाडावर तिन्ही पिवळे एकदम पेटतात आणि हिरवा फक्त ०.४ सेकंदाने येतो. तिथे ताल धरायला जागाच नाही.

प्रश्न : घरच्या ट्रॅकवर माझा रिॲक्शन ०.०१५ येतो. शेजारच्या राज्यातल्या ट्रॅकवर त्याच सेटिंगला सारखा लाल लागला. माझ्यात काय बदललं?
— एक वाचक, ओहायो

बहुधा तुमच्यात काहीच नाही. झाड पाहा. जुन्या बल्बची तार तापून उजळायला थोडा वेळ लागतो, एलईडी जवळजवळ लगेच उजळतो. तुम्हाला दिवा लवकर दिसला की बोट लवकर उठतं. तिकडे एलईडी असेल तर बॉक्समध्ये तेवढा वेळ वाढवावा लागेल.

दुसरं म्हणजे रोलआउट, किरण सुटेपर्यंत चाक किती पुढे सरकतं ते अंतर. गाडी रेषेवर लागल्याचा दिवा जेमतेम पेटेल एवढंच पुढे थांबलात तर हे अंतर जास्त, आणखी पुढे सरकून डीप स्टेज केलंत तर कमी. डीपमध्ये रिॲक्शन घटतो आणि लालची शक्यता वाढते. किरणाच्या उंचीत किंचित फरक असला तरी चाकाचा अडणारा भाग बदलतो. मोठं चाक किंवा कमी हवा भरलेलं चाक किरण जास्त वेळ अडवतं. म्हणून पुढच्या चाकांची हवा मी प्रत्येक फेरीआधी मोजते आणि नेहमी एकाच ठिकाणी, रेषेवर लागल्याचा दिवा पेटताक्षणी थांबते. नव्या ट्रॅकवर सरावाची पहिली फेरी ०.०३० जास्त घालून काढा, मग चिठ्ठी पाहून खाली या.

प्रश्न : ताई, मी डेट्रॉइटजवळ राहते. नवऱ्याची जुनी मस्टँग घेऊन पुढच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा उतरणार आहे. सुरुवातीलाच बॉक्स घेऊ का?
— एक वाचक, मिशिगन

नको. ट्रान्सब्रेक आणि बॉक्सचा खर्च टायर आणि चांगल्या हेल्मेटकडे वळवा. पहिला पूर्ण मोसम फूटब्रेकवर, तिसऱ्या पिवळ्यावर काढा. डोळा फक्त त्या एका दिव्यावर ठेवा, वरच्या दोघांकडे बघू नका. शेजारच्या बाजूचे दिवे दिसू नयेत म्हणून हेल्मेटला आडोसा लावणारे चालकही आहेत, तुमच्या ट्रॅकवर चालत असेल तर करून पाहा. घरी सरावाचं छोटं झाड आणा, पण रोज थोडाच वेळ. बोट कंटाळलं की चुकीची सवय लागते. रस्त्यावरच्या सिग्नलला मात्र कधीच सराव करू नका. मुलांनी रस्ता सोडून सुरक्षित जागी शर्यत लावावी म्हणूनच १९५१मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए उभी केली.

प्रत्येक चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवा: हवा कशी होती, फेऱ्या किती, दिवा कसा दिसला. चार-पाच चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की एखादा ०.०१० किती सुंदर आहे हे बघू नका, सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट आकड्यातलं अंतर बघा. ते ०.०३०च्या आत यायला लागलं की मला पुन्हा लिहा, तेव्हा बॉक्सबद्दल बोलू. आणि काचेवर आकडा लिहायला पांढरं शू पॉलिश न्या, ते लांबूनही दिसतं आणि पुसूनही जातं.