तान्ह्या पोळ्यातला मीड

प्रिय मित्रा,

तुझ्या समाजशास्त्राच्या नोट्स वाचल्या. कार्यवाद, संघर्षवाद, प्रतीकात्मक आंतरक्रियावाद. तीन रकाने, प्रत्येकाखाली नावं आणि सनावळी. पेपर निघून जाईल. पण उदाहरणंही गाईडातलीच उचलली आहेस. मीड, म्हणजे मुलाचा ‘स्व’ कसा घडतो हे सांगणारा अमेरिकी विचारवंत; त्याच्या नावापुढे बेसबॉल! नागपुरात कोण खेळतं बाप्पा बेसबॉल?

त्यापेक्षा तान्ह्या पोळ्याला वस्तीत फिर. चारेक वर्षांचं पोरगं, धोतर-फेटा, चाकं लावलेला लाकडी बैल दोरीनं ओढत दारोदार बोजारा, म्हणजे सणाचे पैसे-खाऊ, मागत असतं. त्याच्या बापानंही कधी नांगर धरलेला नसतो, पण पोरगं बैलाला दटावतं, थांबवतं, चारा दाखवतं. एकाच कुणाची तरी भूमिका अंगावर घेणं, ही मीडची पहिली पायरी. मग चौकातली सजावट स्पर्धा. तिथं रांग आहे, नंबर आहे, परीक्षक काय बघतील याचा अंदाज आहे, शेजारच्याच्या बैलाकडे तिरका डोळा आहे. आता त्याला सगळ्यांच्या नजरेतून स्वतःकडे बघावं लागतं. ‘सामान्यीकृत इतर’ म्हणतात तो हाच. त्याच रांगेत संघर्षवादी वेगळंच विचारेल: सागवानी बैल कुणाचा, मातीचा कुणाचा, बक्षीस कुणाला? आणि मुली किती? मोजून बघ.

सामाजीकरणाच्या, म्हणजे माणूस समाजाच्या रीती कशा शिकतो याच्या, उत्तरात कुटुंब, शाळा, मित्र, माध्यमं, की संपलं. मोठ्या माणसांचं पुनर्सामाजीकरण, म्हणजे जुनं मोडून नवं शिकणं, म्हटलं की तुरुंग आणि सैन्य. याची मला खरंच चीड येते, कारण दीक्षाभूमी तुझ्याच शहरात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथं आपल्या लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या एकदा समाजशास्त्राच्या डोळ्यांनी वाच. सुरुवातीच्या बऱ्याचशा ‘मानणार नाही’, ‘करणार नाही’ अशा आहेत. लहानपणापासून अंगात मुरलेलं आधी मोडायचं, मग नवं आचरण. समाजशास्त्रज्ञ गॉफमननं वर्णन केलेल्या, तुरुंगासारख्या बंदिस्त संस्थांत माणसाचा जुना ‘स्व’ बाहेरून ओरबाडून काढतात. इथं लोकांनी तो आपणहून उतरवला. हा फरक उत्तरात आला पाहिजे. आणि नवा ‘स्व’ एकट्यानं टिकत नाही. त्याला विहार लागतो, वस्ती लागते, दरवर्षी दसऱ्याला पुन्हा तिथं जमावं लागतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमनं १९१२ मध्ये धर्माबद्दल लिहिताना एकत्र जमण्यावर एवढा भर का दिला, ते तिथल्या गर्दीत उभं राहिल्यावर कळतं.

आणखी एक. तुझ्या नोट्समध्ये बाबासाहेब फक्त समाजसुधारणेच्या प्रश्नात भेटतात. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीला ‘बंदिस्त वर्ग’ म्हटलं होतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ समनरचा अंतःसमूह-बाह्यसमूह ‘आपले’ आणि ‘परके’ ही भावना सांगतो. समूह बंद कसा होतो, याचं उत्तर मात्र या निबंधात आहे: जातीतल्या जातीत लग्न. काहींनी दार आतून लावून घेतलं, काहींनी त्यांचं अनुकरण केलं, उरलेल्यांना ते बंदच सापडलं. समूहांच्या प्रश्नात समनरच्या लगेच खाली हे लिही.

दुर्खीम-मार्क्स तुलना ठीक आहे, तिला हात लावू नकोस. मीडचं उत्तर तेवढं नव्यानं लिही आणि रविवारी घेऊन ये. बेसबॉल नको.