सायकलने ऑफिसला जातो. शर्ट-पॅन्ट-ब्लेझर न चुरगळता कसं न्यायचं? सहकारी म्हणतात, क्लायंटसमोर हे बरं दिसत नाही.

रोज न्यायचंच कशाला? पॅन्ट, बेल्ट, बूट ऑफिसातच ठेवा. ब्लेझर तर तिथल्या कपाटातून हलवूच नका. रोज फक्त शर्ट न्या. आणि सॅक पाठीवर नको, घामाने इस्त्री जाते. कॅरिअरला बाजूची बॅग लावा, पण मागे सरकवून, नाहीतर पेडल मारताना टाच लागते.

पण मी लिहायला बसले ती तुमच्या त्या शेवटच्या वाक्यामुळे. मी पुण्यात विमा कंपनीत अधिकारी आहे, सिंहगड रोडवरून शिवाजीनगरला सायकलने जाते आणि ऑफिसात साडी नेसते. आमच्या एका वरिष्ठांनी मला भर मीटिंगमध्ये सुनावलं होतं, "मॅडम, ऑफिसरने असं घामाघूम येणं शोभत नाही." पुढच्याच आठवड्यात झोनल ऑफिसची माणसं तपासणीला येणार होती. मला सुचवण्यात आलं की त्या दिवशी तरी रिक्षाने या.

मी सायकलनेच गेले, तेही जुलैच्या पावसात, आणि मुद्दाम खळ घातलेली सुती नारायणपेठ घेऊन. आदल्या रात्री निऱ्या घालून वर चिमटा लावला, पदराच्या मिऱ्या खांद्याच्या जागी पिनने पक्क्या केल्या आणि सगळ्यावरून इस्त्री फिरवली. मग साडी पुठ्ठ्यावर सैल गुंडाळली, वरून जुना पंचा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी. परकर-ब्लाउज वेगळ्या पिशवीत. ऑफिसच्या बाथरूमची फरशी ओलीच असते, म्हणून खाली वर्तमानपत्र अंथरलं. निऱ्या आधीच तयार असल्या की साडी नेसायला वेळ लागत नाही. पाहुणे आले तेव्हा मी फायली लावून जागेवर बसले होते. रेनकोट घालून स्कूटरवरून आलेल्या साहेबांच्या पॅन्टला गुडघ्यापर्यंत चिखल होता.

सुती साडी पावसातून कडक इस्त्रीत पोचते, तर शर्टाचं काय घेऊन बसलात? बटणं लावा, कॉलरमध्ये मोजे गुंडाळून घाला म्हणजे ती दबत नाही, आणि साडीसारखाच पुठ्ठ्यावर घ्या. शुद्ध सुती शर्टापेक्षा टेरिकॉट बरा.

"बरं दिसत नाही" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एकच आहे: काम बघा. मी त्या साहेबांकडे लेखी अर्ज केला, बाथरूमच्या दाराला दोन हुक आणि जिन्याखाली सायकलला जागा द्या म्हणून. हुक मिळायलाही पाठपुरावा करावा लागला. २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. पण रस्त्यावर कितीही ट्रॅक झाले, तरी ऑफिसात कपडे बदलायला कोपरा नसेल तर नोकरदार माणूस सायकल बाहेर काढणार नाही, आणि बायका तर नाहीच नाही. तेव्हा तुम्हीही आधी हुक मागा, तोंडी नको, लेखी.

एक राहिलं. माझं अंतर बेताचं आहे आणि वाटेत मोठा चढ नाही. तुम्ही फार लांबून येत असाल तर नुसता शर्ट बदलून भागणार नाही. ओल्या टॉवेलने अंग पुसा आणि घाम जिरल्यावरच इस्त्रीचा शर्ट चढवा. चेनच्या बाजूची पॅन्ट मोज्यात खोचा, ग्रीसचा डाग सहज धुवून जात नाही.