पंधरा खणांचं कार्ड

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

घरी गाणी करायच्या सामानाची तुझी यादी पोचली. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा), कंडेन्सर माइक, मिडी कीबोर्ड, दोन मॉनिटर स्पीकर. खाली बेरीज, आणि बेरजेखाली बारीक अक्षरात "पतपेढीत विचारू का?" बेरीज बरोबर आहे. पतपेढीत मात्र एवढ्यात जाऊ नको.

२००१ च्या गणपतीत माझा आतेभाऊ मुंबईहून देवगडला आला तो एक जुना प्लेस्टेशन, टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा, घेऊन. आरत्या आटोपल्या की माजघरातल्या टीव्हीवर क्रिकेट नाहीतर गाड्या. डिस्कांच्या त्या ढिगात एक निघाली 'म्युझिक २०००'. लावली तर ना गाडी, ना बंदूक. पडद्यावर नुसत्या पट्ट्या आणि रंगीत ठोकळे. भावाने दोन मिनिटांत कंट्रोलर टाकून दिला. मी रात्री अडीचपर्यंत उठलो नाही.

ती वेल्समधल्या जेस्टर इंटरॅक्टिव्ह या कंपनीची करामत. १९९८ मध्ये त्यांचा पहिला 'म्युझिक' आला, १९९९ मध्ये हा दुसरा. अमेरिकेत हाच 'एमटीव्ही म्युझिक जनरेटर' नावाने विकला गेला. प्रत्येक पट्टी म्हणजे एक वाजवणारा, असं समज. ढोलाचा ठोकळा एका पट्टीवर, बेसचा दुसऱ्या. ठोकळा उघडला की आतले सूर एकेक करून बदलता येत. मला नोटेशन येत नव्हतं, पेटीवर धड सारेगमही बसत नव्हतं, तरी त्या रात्री चार जणांचा ताफा माझ्या अंगठ्याच्या तालावर वाजत होता. तोवर गाणं 'करायचं' म्हणजे मुंबईला जायचं, स्टुडिओची शिफ्ट घ्यायची, वादकांचे पैसे मोजायचे. आमच्याकडच्या जाखडी नाचाच्या कॅसेटीसुद्धा तशाच निघायच्या.

असं घडलेला मी एकटा नव्हे. त्याच सुमारास लंडनमधली पोरं ग्राइम म्हणून जे नवं संगीत घडवत होती, त्यातल्या काहींचे पहिले बीट याच डिस्कवर झाले. त्यांच्याकडेही स्टुडिओ नव्हता. टीव्ही होता, आणि खेळायला म्हणून आणलेला डबा होता. त्याआधी १९९२ मध्ये सुपर निन्टेन्डो या तसल्याच डब्यावर 'मारिओ पेंट' आला होता. त्यात माउसने चित्रं मांडून चाल बांधायची. एका वेळी तीनच सूर, तेही सगळे शुद्ध; कोमल नाही, तीव्र नाही. त्यात भैरवी बांधायला बसणाऱ्याची दया येते. हातात मावणाऱ्या गेम बॉयवरही लोकांनी चार आवाजांत मैफिली केल्या, पण ते लांबण लावत नाही.

मला सांगायचंय ते पखवाजाचं.

डिस्कमधले ढोल सगळे विलायती. मला बाबांचा पखवाज हवा होता. बाबा गावच्या भजन मंडळात वाजवायचे, डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यालाही, बसायचे. प्लेस्टेशनला माइकची सोय नव्हती. पण झाकण उघडून गाण्यांची सीडी घातली की तिच्यातला तुकडा उचलता यायचा. मग काय, देवळात कॅसेटवर बाबांचे बोल टेप केले आणि लाल डब्यातून कणकवली गाठली. ओळखीच्या एका कॉम्प्युटरवाल्याने कॅसेटची सीडी करून दिली. अख्खा दिवस गेला एका 'धा'साठी.

घरी येऊन पाहतो तर जागा कुठे आहे? त्या यंत्रात आवाजासाठी मेमरी ५१२ केबी. चांगल्या दर्जात भरलं तर वीसएक सेकंदांत संपते. त्यात पेटी बसवायची, झांज बसवायची, आणि पखवाजही. मी सबंध ठेका भरू पाहत होतो. शेवटी धा, ता, तिट आणि गे असे चार तुकडे ठेवले, बाकी सगळं पुसलं, आणि त्या चारांतून ठेका परत मांडला. बाबा तीस वर्षं काय वाजवत होते ते मला त्या रात्री कळलं, कारण प्रत्येक बोल कुठे पडतो ते हाताने ठेवावं लागलं.

मोठ्या हौसेने बाबांना ऐकवलं. ते म्हणाले, "ह्यो काय पखवाज? डबो वाजता हा."

खरंच डबो वाजत होता. आठवडाभर मी त्या 'गे'वर डोकं फोडलं. दोष त्याचा नव्हताच. टीव्हीच्या मुठीएवढ्या स्पीकरला तो खर्ज पेलत नव्हता. मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर आणून लाल-पांढरी वायर त्यात खुपसली, तेव्हा ओटीवरची पत्र्याची बादली थरथरली. बाबा काही बोलले नाहीत, पण उठून गेलेही नाहीत.

ते गाणं आज माझ्याकडे नाही. गाणं साठवायच्या मेमरी कार्डात पंधरा खण असायचे, आणि गाणं वाढलं की खण खायचं. भावाला क्रिकेटची सिरीज साठवायला जागा हवी होती. त्याने विचारलं नाही, मीही सांगून ठेवलं नव्हतं. म्हणून तुला बजावतो: आजचं काम दोन ठिकाणी ठेव, आणि झोपायच्या आधी ठेव. वीज कधी जाईल ते तुला सांगायला नको.

आता तुझी यादी. तुझ्या फोनवर बँडलॅब हे गाणी करायचं अ‍ॅप फुकट चालतं. त्यात माझ्या त्या डिस्कच्या कैक पट सोय आहे, शिवाय माइक आतच आहे; पखवाज घेऊन कणकवलीला जावं लागत नाही. हेच तुझं अवघड आहे, बाय. मला चारच तुकडे ठेवता येत होते, म्हणून कुठले ते ठरवावं लागलं. तुझ्यासमोर हजार ढोल आहेत. मागच्या वेळी पाठवलेल्या तुझ्या फाइली मी मोजल्या: अकरा चाली, प्रत्येक चाळीस सेकंदांची, एकही पुरी नाही. प्रत्येकीत ढोल मात्र वेगळा. सामान कमी पडलंय असं मला त्यात कुठे दिसलं नाही.

म्हणून असं कर. आठच पट्ट्या घे. बाहेरचा तयार लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, एकही नको. आवाज तुझ्या आवाठातले, वाडीतले: झांज, घुमट मिळालं तर घुमट, पाट्यावर वरवंटा, जेटीवर दोरखंड ताणल्याची करकर. पावसात रेकॉर्ड करशील तर कौलांचा आवाज सगळ्यात जाईल, तेव्हा उघडीप बघ, किंवा मुद्दाम कौलंच घे. पखवाज घेणार असशील तर दमट हवेत चामडं उतरतं. त्याच दिवशी कणीक लावून, चढवून, लगेच घे. उद्यावर टाकलंस तर सूर हलेल. फोन पखवाजाला चिकटवू नको, हातभर लांब ठेव, आणि मागे गोधडी टांग. पडद्यावरच्या मात्रांच्या चौकटीला बोल जुळले नाहीत की सॉफ्टवेअर ते सरळ करून देऊ म्हणतं. देऊ नको. डबलबारीत लय चढते तेव्हा बुवा घड्याळ बघत नाही.

कोणी म्हणेल हे खेळणं आहे, संगीत नव्हे. म्हणू दे. ज्या बेंजोवर आपल्याकडे वराती निघतात, तो मुळात बुलबुलतरंग, आणि बुलबुलतरंग आला जपानी ताइशोगोतोवरून. टाइपरायटरसारख्या कळांचं ते वाद्य १९१२ च्या सुमारास नागोयात निघालं, ज्याला तार दाबता येत नाही त्यालाही चाल वाजवता यावी अशा बेताचं. पेटी तर आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत बंदच ठेवली होती. आज पेटीशिवाय भजन करून दाखवा म्हणावं.

एक गोष्ट मात्र विकत घे: तारेचा साधा, बरा हेडफोन. ब्लूटूथ नको; आवाज उशिरा येतो, बोटं चुकतात. बाकी यादी कपाटात ठेव. तीन मिनिटांचं एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुरं झालं, की तीच यादी घेऊन ये, आपण एकेक ओळ खोडत बसू. इंटरफेस कदाचित राहील. मॉनिटर स्पीकर तुझ्या त्या पत्र्याच्या खोलीत घालणं म्हणजे पैसे खाडीत टाकणं.

कुणकेश्वरच्या जत्रेला येशीलच. गाणं फोनवर ऐक, मग तुझ्या मामाच्या सहाआसनीत ऐक, मग इकडे आण. मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर अजून चालतो. देवळात गळतं म्हणून आमच्या ओटीवरच असतो. फोनची पिन बसेल अशी वायर तेवढी तू आण, माझ्याकडच्या सगळ्या लाल-पांढऱ्या आहेत.

तुझा,
काका

ता. क. बाबा आता ऐंशीचे आहेत, कान थोडे कमी. पण बादली थरथरली की त्यांना कळतं.